बाबा, वर्गाची पाटी उतरवली आहे

गिरगाव, मुंबई
२ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की बाबांना अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे आई स्वतःच्या पद्धतीने सांगते, म्हणून पत्र लिहीत आहे. जूनपासून मी जोगेश्वरीच्या एका मराठी शाळेत संगीत शिक्षिका म्हणून रुजू झाले आहे आणि संध्याकाळचा गाण्याचा वर्ग बंद केला आहे. दारावरची पाटी पुसून, बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. विशारदच्या तिघी मात्र रविवारी सकाळी येत राहतील. परीक्षेच्या तोंडावर त्यांना सोडणे तुम्हाला पटले नसते, आणि मलाही पटले नाही.

आईचा पहिला प्रश्न ठाऊक आहे. पगार वर्गाच्या फीपेक्षा थोडा कमी आहे, पण तो दर महिन्याला येतो आणि मे महिन्यात मुले गावाला गेली म्हणून बुडत नाही. प्रवासाचीही काळजी करू नका. सकाळी सगळी मुंबई चर्चगेटकडे धावत असते तेव्हा मी चर्नी रोडहून उलट्या दिशेने जाते, त्यामुळे खिडकीशी बसायला मिळते. डबा रात्रीच भरून ठेवते, गरम पाण्याची बाटली बरोबर असते, आणि घशासाठी ज्येष्ठमधाची पूड आईने दिली तीच अजून चालू आहे.

बाबा, ३१ वर्षे तुम्ही ज्या खोलीत परीक्षांना मुले बसवलीत, ती मी दोन महिन्यांत गप्प केली, असे वाटून घेऊ नका. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईत आणले, ते साध्या घरांतल्या मुलामुलींनाही गाणे शिकता यावे म्हणून, हे तुम्हीच मला जेवताना सांगत असा; आणि वाळकेश्वरला गेलो की भातखंडे १८६० साली इथे जन्मले, हे दर वेळी नव्याने सांगत असा. त्या दोघांची श्रेणीबद्ध रचना गाणे शिकायचे ठरवून आलेल्या मुलासाठी फार उपयोगी आहे. माझ्या वर्गातल्या ५४ मुलांनी मात्र काहीच ठरवलेले नाही. ती गणित आणि भूगोलाच्या मधल्या ३५ मिनिटांत, आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर येतात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना थाटाची व्याख्या लिहून घ्यायला सांगितली आणि मागच्या बाकावर एक मुलगा शांतपणे झोपी गेला. त्या दिवशी परतताना दादरपर्यंत मी स्वतःवरच चिडलेली होते.

त्यानंतर जे सुरू केले, त्यातली एक गोष्ट तुम्हाला लागेल, म्हणून आधीच सांगते. पहिले सहा आठवडे मी हार्मोनियमची पेटी उघडत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली आणि १९७१ पर्यंत टिकलेली बंदी तुम्हाला किती झोंबत असे, हे मी विसरलेले नाही; माझी बंदी तसली नाही. मुलांचा आवाज पेटीला टेकून चालतो आणि पेटी थांबली की खाली बसतो, एवढेच. शिवाय पेटीचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, हे तंबोऱ्याशी कान लावायला लावून तुम्हीच मला ऐकवले होते.

म्हणून मोबाइलवरचा तंबोरा छोट्या स्पीकरला जोडते आणि हजेरी गाऊन घेते. मी नाव ज्या दोन स्वरांत गाते, त्याच स्वरांत मुलाने ‘हजर’ म्हणायचे. ते स्वर बहुधा पंचम आणि गंधार असतात, कारण लांबून हाक मारताना मुलांचा आवाज आपोआप त्याच उतारावर येतो. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीतही असाच आरंभ आहे, आणि हाताच्या खुणांनी स्वर दाखवणे त्यांनी जॉन कर्वेन या इंग्रज शिक्षकाकडून घेतले. खुणा मी घेतल्या, पण क्रम बदलला, कारण आपल्याकडे तंबोरा सुरू झाला की कान षड्जाकडेच ओढ घेतो. त्यामुळे तिसरा स्वर म्हणून मी लगेच षड्ज आणते. मग धैवत, मग रिषभ. पाचव्या आठवड्यात मुले भूप राग गाऊ लागली होती आणि ‘भूप’ हा शब्द वर्गात अजून उच्चारलेला नव्हता. भूपाचा मुख्य स्वर (वादी) गंधार, त्याच्या खालोखालचा (संवादी) धैवत हे त्यांना मी सांगेन, पण गंधारावर थांबायला का आवडते हे त्यांनीच मला विचारल्यावर.

रूपक ताल मी व्हरांड्यात चालवून शिकवला. सात पावलांचे आवर्तन असल्यामुळे सम, म्हणजे पहिली मात्रा, एकदा डाव्या पायावर येते आणि पुढच्या वेळी उजव्या. हे सातवीतल्या एका मुलीने शोधून काढले आणि मलाच समजावले. (व्हरांड्यात गोंगाट होतो, अशी तक्रार अर्थातच आली आहे.)

आणि आई, हे तुझ्यासाठी. स्नेहसंमेलनात ज्यांना ‘नुसते ओठ हलव’ असे सांगतात, तशी सात-आठ मुले प्रत्येक वर्गात आहेत. त्यांना मी माझ्या पट्टीत ओढत नाही. त्यांचा जो स्वर निघेल तो आधी मी गाते, मग दोघे मिळून हळूहळू सरकतो. त्यांतला एकजण परवा तंबोऱ्यात मिसळला, तेव्हा मला तू आठवलीस. विजेचा पंखा बंद असलेल्या दुपारी मला मांडीवर घेऊन तू बारीक आवाजात ओव्या म्हणायचीस आणि जिन्यावर बाबांची चप्पल वाजली की थांबायचीस. का थांबायचीस, ते मी विचारत नाही. पण त्या ओव्या मला हव्या आहेत. तिसरीच्या मुलांना त्या लगेच येतील. रोज एक म्हणून वहिनीच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेव, आणि बाबा, तिने ते तुमच्यासमोर बसून केले तर फार बरे होईल.

आता ऐका. बाबा, कानाचे यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलेले नाही. गाणे त्यात पत्र्यासारखे वाजते म्हणता, तर चिपळूणला तपासणीस जाल तेव्हा गाणे ऐकण्यासाठी वेगळी जुळणी मागा. बोलण्यासाठीची आणि संगीतासाठीची अशा दोन निरनिराळ्या ठेवता येतात. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, विसरलात तर दुपारी दोन घ्यायच्या नाहीत. आई, पावसात विहिरीवर जाऊ नकोस, दादा पाणी काढून देईल. गुडघ्याचा पट्टा लाव.

गणपतीत चार दिवसांची रजा मिळाली आहे. दादा गाडी घेऊन येणार आहे, तर येताना पेटी आणते. सहा आठवडे संपत आले आणि पुढे ती मला लागणार आहे, पण भाता एका घडीवर फाटला आहे आणि पावसाने मधल्या सप्तकातली काळी तीन चिकटते. बाहेर कुणाकडे द्यायला मन होत नाही. भात्याचे कातडे इथून घेऊन येऊ की तुमच्या ट्रंकेत शिल्लक आहे, आणि चार दिवसांत तुमच्याकडून ते काम होईल का, तेवढे कळवा.

तुमची,
धाकटी