आमच्या वॉर्डातल्या चेचींना, सगळ्यांसमोर थँक्यू

चेची,

परवा ओईटीचा रिझल्ट आला. लिसनिंगला बी ग्रेड! ज्या लिसनिंगनं मला रडवलं त्यात बी! लगेच तुम्हाला फोन केला तर तुम्ही "गुड गुड, उद्या मॉर्निंगला लवकर ये, स्टाफ कमी आहे" म्हणून ठेवूनच दिला, थँक्यू बोलूच दिलं नाही, म्हणून आता इथे जाहीर लिहितेय. आणि मराठी वाचता येत नाही असलं नाटक करू नका, डबा खाताना पेपरातलं राशिभविष्य तुम्ही रोज वाचता हे अख्ख्या वॉर्डाला माहितीये.

बाकीच्यांसाठी सांगते, चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई, आमच्या वॉर्डातल्या सीनियर नर्स. आणि ओईटी म्हणजे डॉक्टर-नर्स लोकांची इंग्रजीची परीक्षा. यूकेला नर्स म्हणून जायचं तर लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी लागतो, रायटिंगला सी प्लस चालतो. लिसनिंगचा ऑडिओ एकदाच वाजतो, कधी ब्रिटिश बोलणं कधी ऑस्ट्रेलियन, आणि ऐकता ऐकता गाळलेल्या जागा भरायच्या. एक शब्द हुकला की आपण तोच शोधत बसतो आणि तोवर पुढचे निघून जातात. मी जत तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेतली. 2000 साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा आम्ही वरच्या वर्गात गेलो होतो, आमची एबीसीडी पाचवीतच. नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीतून वाचून पास झाले, डॉक्टरांचं कसलंही अक्षर लावते, पण त्या ऑडिओतला माणूस बोलायला लागला की कुठला शब्द कुठं संपला काही कळायचं नाही.

आधी क्लास लावला होता, नाव घेत नाही. फी पूर्ण ॲडव्हान्स. भिंतीवर लंडनचे फोटो, कोपऱ्यात एकच ब्लूटूथ स्पीकर आणि वर पंख्याची घरघर. सर ऑडिओ लावायचे, उत्तरं फळ्यावर लिहायचे, किती जणांचे बरोबर हात वर करा, झाला तास. का चुकलं ते विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मीडियम कुठलं तुमचं?" मराठी म्हटल्यावर त्यांनी मान अशी हलवली जसा काही माझा बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. त्यानंतर मी तिथं तोंड उघडलं नाही.

तुम्ही तर शिकवतेय असं कधी म्हणालाच नाहीत. नाइटला पेशंट झोपले, चहा आला की मोबाईलवर बीबीसीचा तो सहा मिनिटांचा धडा, एका वेळी एकच. आधी नुसता ऐकायचा, मग मजकूर समोर ठेवून, मग परत मजकूर झाकून. स्पीड कमी करायला गेले तर तुम्ही हातावर चापट मारली, "पेशंट काय पॉइंट सेव्हन फाइव्हवर बोलतो?" बीबीसी रेडिओवर 1943 पासून इंग्रजी शिकवतंय हेही तुमच्याकडूनच कळलं, आणि आमचे सर ग्रामरची झेरॉक्स विकत होते!

पण माझं खरं कुलूप उघडलं ते गाण्यानं. तुम्ही एक जुनं संथ इंग्रजी गाणं लावलंत, एक इयरफोन माझ्या कानात, एक तुमच्या, आणि माझं मनगट धरलंत, आपण पल्स बघताना तीन बोटं ठेवतो ना तशीच, आणि गाण्याबरोबर माझ्या हातावर बोटानं टकटक करायला लागलात. प्रत्येक शब्दाला नाही हां. ओळीत शब्द आठ-दहा आणि टकटक फक्त चार. बोट पडेल तो शब्द ठसठशीत, मधले 'टू', 'ऑफ', 'फॉर', 'अँड' सगळे गिळलेले. मी इतकी वर्षं प्रत्येक शब्द मराठीसारखा पूर्ण यायची वाट बघत बसायचे, तो तसा येणारच नव्हता! मग तुम्ही 'कॅन' आणि 'कान्ट' ऐकवलंत. 'आय कॅन ब्रीद' म्हणताना जोर ब्रीदवर आणि कॅन नुसता 'कन्' होऊन निसटतो, नकार असेल तर जोर कान्टवर, आणि शेवटचा ट कधी कधी ऐकूच येत नाही. "हे उलटं ऐकलं तर पेशंट मरेल," एवढं म्हणून तुम्ही सलाईन बघायला उठून गेलात.

दुसऱ्या दिवशी माझ्या लॉकरमध्ये औषध कंपनीच्या एमआरनं दिलेल्या कॅलेंडरचा फाडलेला कागद होता, पाठीमागं ते अख्खं गाणं हातानं लिहिलेलं, आणि जिथं बोट पडलं होतं तिथं तिथं लाल पेनानं ठिपके. नाइट करून घरी जाऊन, झोप सोडून लिहिलंत ना ते? विचारलं तर म्हणालात टाइमपास.

आपल्याकडे सीनियर म्हणजे काय असतं सगळ्यांना माहितीये. स्वतःला येतं ते दाबून ठेवायचं, ज्युनियर पुढं जायला लागली की पाण्यात बघायचं, आणि एखादी चुकली की पूर्ण राउंडसमोर तिची काढायची. तुम्ही माझी एक चूक कधी चारचौघांत काढली नाहीत. उलट मी लाजले की म्हणायच्या, "मी इतकी वर्षं 'मी आला, मी गेला' बोलून वॉर्ड चालवते, तू कशाला घाबरते?" केरळहून मिरजेत आलात तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता तुम्हाला, तेव्हा तुमच्यावर कोण कोण हसलं असेल, आणि तरी तुम्हाला दुसऱ्यावर हसायची सवय लागली नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं. पैसे घेऊन अपमान करणारे ढिगानं आहेत, फुकट शिकवून वर चहाचे पैसे पण स्वतः देणारं माणूस मला तुमच्याशिवाय भेटलं नाही.

रविवारी तुमचा ऑफ आहे, ड्युटी चार्ट बघितलाय मी, कारणं सांगू नका. आईनं जेवायला बोलावलंय. मासे मिळणार नाहीत, आमच्याकडे माळकरी आहेत सगळे. धपाटे आणि दही आहे. लोणचं तुमचं घेऊन या.

तुमची,
नाइटवाली