आईच्या गोळीबद्दल

ती. बाबा व ती. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं बरं" म्हणून विषय आंब्याच्या मोहरावर नेला असता, म्हणून लिहिते आहे.

बाबांनी पाठवलेला ईसीजीच्या पट्टीचा फोटो मी इथल्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. आई, तुझा क्यूटी ४९० मिलिसेकंद आलाय. बायकांचा साधारण ४६० पर्यंत चालतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सावरायला वेळ लागतो, तो क्यूटीवरून कळतो; तुझा लांबलाय. फारच लांबला तर ठोक्यांची लय बिघडते. विहिरीवर रहाटाचा खांब धरून बसलीस ती घेरी याचीच असेल असं नाही, पण मला आता थांबायचं नाही.

तुझी उदासीवरची गोळी, एसिटालोप्राम, पासष्टीपुढे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर नको, असं ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०११ सालीच सांगितलंय. तू २० घेतेस. त्यात पित्तावरच्या ओमेप्राझोलने तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि घशासाठी घेतलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिननेही क्यूटी लांबतो.

गोळीचा हट्ट माझाच होता. तो चुकला असं आजही वाटत नाही; त्या आषाढानंतर तू परत ओटीवर येऊन बसायला लागलीस, ते मी पाहिलंय. पण ईसीजीचं तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.

तुम्हाला न विचारता मानसोपचार डॉक्टरांशी बोलले, रागावू नका. उद्यापासून १० ची गोळी. गुरुवारी चिपळूणला रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम बघायचं, पंधरा दिवसांनी परत ईसीजी. गरज पडली तर तिच्याऐवजी सर्ट्रालिन देतील, हृदयाच्या दृष्टीने ती जास्त सुरक्षित. गाडी सांगितली आहे. काचा उघड्या ठेव म्हटलंय ड्रायव्हरला, तुला घाटात मळमळतं ना. मात्र उलटीची गोळी मनाने घेऊ नकोस, त्यातल्या काहींनीही क्यूटी वाढतो.

लाइट गेली की तू पडवीत मला सुपाने वारा घालायचीस. डोळा लागून तुझा हात थांबला की मी जागी व्हायचे. परवापासून तसंच होतंय गं.

आणि गोळी एकदम बंद करायची नाही! मागे गणपतीत केलीस तसं मुळीच नाही. बाबा, रात्री गोळी तुम्ही हातात द्या. छातीत धडधड झाली किंवा पुन्हा घेरी आली तर सकाळची वाट बघू नका, लगेच गाडी काढा. ईसीजीची पट्टी फडताळात तशीच ठेवू नका, तो कागद पांढरा पडतो, झेरॉक्स काढा.

शनिवारी मांडवीने येते. स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षा करीन.

तुमची,
बाय