आसवनीला नदी कधी आठवते?

महोदय,

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, निघतो. त्याचा सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. हे आकडे आसवनीच्या (डिस्टिलरीच्या) व्यवस्थापकाला तोंडपाठ असतात, तेव्हा ‘जाणीव नाही’ ही सबब नको. तगादा कोणाचा, एवढाच प्रश्न. सभासद उसाचा दर विचारतो, बँक हप्ता. नदीकाठचे गाव मासे मेले की फाटकाशी येते आणि चार दिवसांनी पांगते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये 17 प्रवर्गांतील उद्योगांना प्रदूषणाचे ऑनलाइन मापक बसवायला लावले, हा मात्र रोजचा दबाव. पण त्याने काळजी कधीकधी नदीऐवजी मापकाचीच घेतली जाते! सेन्सरवर थर बसतो, कॅलिब्रेशन (मापक अचूक करणे) राहून जाते. खरे दुखणे स्पेंटवॉश आटवणाऱ्या बाष्पीभवकात असते. नळ्यांत क्षार धरले की वाफ जास्त लागते, क्षमता घटते. उरलेला स्पेंटवॉश तळ्यात साठतो. पावसाळ्यात स्पेंटवॉश मुरवून खत करायचे कंपोस्ट यार्डही बंद, मग तळे ओसंडून ओढ्याला.

बँकांनी कर्ज देताना प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राच्या प्रतीवर समाधान मानू नये. अल्कोहोल किती झाले, बाष्पीभवकात किती गेले, तळ्यात किती उरले, याचा ताळेबंद दरमहा मागावा. तळ्याच्या भिंतीवर पातळीची पट्टी रंगवायला डबाभर रंग पुरतो.

– एक वाचक, कोल्हापूर