अण्णा आडवे का पडले

पुणे

प्रिय बाळ्या,

तुझा मेल काल रात्री वाचला आणि हसून हसून ठसका लागला. तुझ्या हापूस विकायच्या साइटवरच्या फोटोत अण्णा कलमाखाली उभे दिसायला हवेत, ते शेषशायी विष्णूसारखे पहुडलेत, आणि शेजारची पेटी भिंतीला चिकटवल्यासारखी दिसतेय! पण साइट बनवणाऱ्या भाच्यावर तू उगाच तापलास. आणि तो म्हणतो, 'मामाला फोटो काढता येत नाही', तेही खरं नाही. तुझ्या अण्णांचा फोटो मुळात कधी उभा नव्हताच.

थांब, सांगतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यातला सेन्सर फोनच्या आत पक्का बसवलेला असतो, आडवा. तू फोन उभा धरलास की त्याच्या दृष्टीने अण्णा आडवेच. मात्र फोनमध्ये गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा दुसरा एक बारका सेन्सर असतो, त्याला कळतं की फोन उभा धरलाय. आता फोनने चित्र फिरवून मग साठवायला हरकत नव्हती. पण बरेच फोन तेवढी मेहनत घेत नाहीत. चित्र आहे तसं आडवंच ठेवतात आणि फाइलच्या सुरुवातीला चिठ्ठी खोचतात: 'दाखवताना उजवीकडे पाव फेरी फिरव.' या चिठ्ठीला एक्झिफ म्हणतात. 1995 साली जपानमध्ये ठरलेली पद्धत. दिशेसाठी त्यात 1 ते 8 यांपैकी एक आकडा असतो. 1 म्हणजे सरळ, 3 म्हणजे उलटा, 6 म्हणजे उजवीकडे पाव फेरी, 8 म्हणजे डावीकडे. उरलेले चार आरशातल्या प्रतिमेचे, ते सहसा भेटत नाहीत. तू पाठवलेला फोटो उघडून पाहिला, त्यात 6 आहे.

म्हणजे सगळा खेळ ती चिठ्ठी कोण वाचतो आणि कोण वाचत नाही याचा. तुझी गॅलरी वाचते, म्हणून तिथे अण्णा उभे. 2020 पासून मोठे ब्राउझरही आपणहून वाचतात. मग साइटवर काय बिनसलं? तूच लिहिलंयस, 'यादीत आडवा दिसतो, पण त्यावर टिचकी मारून मोठा उघडला की सरळ.' त्यातच उत्तर आहे. फोटो चढवला की साइट यादीसाठी त्याची छोटी प्रत काढते. प्रत काढणारा प्रोग्राम चित्र जसं साठवलंय तसं लहान करतो आणि चिठ्ठी मात्र टाकून देतो. मग ब्राउझर बिचारा वाचणार काय?

गेल्या वर्षी मीही यात पोळलोय. एका ऑनलाइन अर्जासाठी फोटो चढवला, तो आडवा. गॅलरीत फिरवला, पुन्हा चढवला, पुन्हा आडवा. शेवटी वैतागून मान वाकडी करून सेल्फी काढायच्या बेतात होतो, बायकोने थांबवलं. नंतर कळलं की काही गॅलऱ्यांमध्ये 'फिरवा' दाबलं तरी चित्र जागचं हलत नाही, फक्त चिठ्ठीतला आकडा बदलतो.

म्हणून तू असं कर. फोटो एडिटमध्ये उघड, कडेची अगदी बारीक पट्टी काप आणि नवी प्रत म्हणून सेव्ह कर. कापलं की बहुतेक फोन चित्र नव्याने लिहितात आणि ते खरोखर उभं राहतं. अगदीच घाई असेल तर स्क्रीनशॉट घे. पण मग आंब्याच्या सालीवरचे ठिपके दिसतील असा बारकावा राहणार नाही, आणि गिऱ्हाईक तेच बघतं.

चाळीस फोटो एकेक करून कापत बसू नकोस, हंगामात तेवढा वेळ कुठला! भाच्याला सांग, इमेजमॅजिक नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यातलं चिठ्ठी वाचून चित्र फिरवणारं 'ऑटो-ओरिएंट' अख्ख्या फोल्डरवर एकदम चालवता येतं. आणि खरा इलाज त्याच्याच हातात आहे: छोटी प्रत काढण्याआधी चिठ्ठी वाचायची, चित्र फिरवायचं, मग लहान करायचं. साइटचा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहिला असेल तर तिच्यासाठीच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत 'एक्झिफ ट्रान्सपोज' तयार आहे, एका ओळीचं काम. चिठ्ठीत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, म्हणून अख्खी चिठ्ठीच पुसायची असेल तर खुशाल पुसा, पण आधी फिरवा आणि मग पुसा. उलट केलंत तर अण्णा पुन्हा आडवे.

अढीतल्या आंब्यांचे फोटो तू वरून, फोन जमिनीला समांतर धरून काढतोस ना? तिथे गुरुत्वाकर्षण सरळ फोनच्या पाठीकडे ओढतं, त्यामुळे वर कुठलं नि खाली कुठलं हे फोनला कळतच नाही. आधीची दिशा धरून तो काहीतरी ठोकून देतो. फोन आधी नीट उभा धर, कॅमेऱ्याच्या पडद्यावरची चिन्हं सरळ झालेली बघ, आणि मगच वाकव.

अण्णांचा एक फोटो फिरवून सोबत जोडलाय. आधी तेवढाच चढव आणि यादीत बघ. उभे दिसले तर बाकीचे तसेच करायचे. नाही दिसले तर भाच्याला फोन करायला सांग, रात्री नऊनंतर.

अण्णांना आणि काकींना नमस्कार. पहिली पेटी कुणाची, हे ठरलंय ना?

तुझा,
विन्या