४१ रोल वाळले, १९ जगले: उन्हाळ्यातील लॉन लावणीबाबत तक्रार

नागपूर, दि. २४ मे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ६ मे रोजी लावलेली लॉन वाळल्याबाबत, भरपाई मिळण्याबाबत आणि आपल्या सूचनापत्रकात दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

६ मे रोजी आपल्या माणसांनी आमच्या अंगणात ६०० चौरस फूट बर्म्युडा लॉन लावली. मातीसकट कापून गुंडाळलेल्या गवताचे, दोन फूट बाय पाच फुटांचे ६० रोल, लावणीसकट ४५ रुपये चौरस फूट, एकूण २७,००० रुपये. पूर्ण रक्कम त्याच दिवशी चुकती केली. आज त्यातले ४१ रोल तणसासारखे पिवळे पडले आहेत आणि १९ हिरवे आहेत. ४१ का गेले, ते त्या १९ रोलांकडे पाहिल्यावर कळतं.

मला लॉन पावसाळा लागल्यावर हवी होती. आपल्या विक्री विभागाने उन्हाळी सवलत दिली आणि बर्म्युडा कधीही लावता येते असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. बांधावरची हरळी विदर्भाच्या उन्हाळ्यात मरत नाही, शेतकरी तिला उपटून उपटून थकतात. पण बांधावरच्या हरळीच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. रोलमधल्या गवताच्या मुळ्या कापलेल्या, खाली जेमतेम इंचभर माती. खालच्या जमिनीत नव्या मुळ्या शिरेपर्यंत तेवढ्याच मातीतल्या ओलाव्यावर त्याला दिवस काढायचे असतात. अशा गवताला उन्हाळ्यात लावायचं तर पहिले काही तास फार जपावे लागतात. आपल्याकडून तेच जपले गेले नाहीत.

ट्रक पुण्याकडून सातशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून सकाळी ११ वाजता आला. रोल ताडपत्रीखाली दाबून रचलेले होते. गुंडाळलेलं गवत आतल्या आत तापतं. मी एका रोलमध्ये हात घातला तेव्हा आत चांगलंच गरम लागलं आणि आंबूस वास आला. आल्या आल्या रोल सावलीत उघडायला हवे होते, ते सिमेंटच्या फरशीवर उन्हात ढीग करून ठेवले. दुपारी १ वाजता लावणी सुरू झाली. पारा ४४ च्या पुढे होता. खालची माती भिजवली नाही, कुदळीने मोकळीही केली नाही. वरून रोलर फिरवला नाही, त्यामुळे रोल आणि जमीन यांच्यात पोकळ्या राहिल्या. ४८ रोल पसरून, संध्याकाळी पाणी मारा असं सांगून माणसं ४ वाजता निघून गेली. वाटेच्या कडेला कापून बसवायचे १२ रोल तसेच पडले होते.

ते १२ रोल आमच्या माळीकाकांनी उचलून आंब्याखाली उघडे पसरले आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं. ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी वाटेकडेची माती चार बोटं खणली, शेणखत मिसळलं, चिखल होणार नाही इतपत भिजवली. मग रोल एकमेकांना घट्ट भिडवून बसवले, वर फळी ठेवून पायांनी दाबले आणि सांध्यांत बारीक माती भरली. माळीकाका हे काम पोटच्या लेकराला जपावं तसं करत होते, हे मला इथे लिहावंसं वाटतं. त्यानंतर साठही रोलांना सारखंच पाणी मिळालं: पहाटे भरपूर आणि पहिला आठवडा दुपारी पात गार ठेवण्यापुरता हलका फवारा.

ते बाराही रोल जगले. २० तारखेला त्यांचे कोपरे हलकेच ओढून पाहिले, तर जमिनीने त्यांना धरलं होतं आणि खाली पांढऱ्या मुळ्या दिसत होत्या. आपल्या माणसांनी लावलेल्या ४८ पैकी फक्त ७ वाचले, तेही अंगणातल्या गळक्या नळाजवळचे. तिथली माती आधीपासून ओली होती. ऊन, पाणी आणि ट्रकचा प्रवास साऱ्यांचा एकच असताना उरला तो फक्त लावणीतला फरक.

तरीही १३ मे रोजी फोनवर मला सांगण्यात आलं की पाणी कमी पडलं. १७ मे रोजी आलेल्या प्रतिनिधींनी अर्जावर लिहिलं की जास्त पाण्याने मुळ्या कुजल्या. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? त्यांनी एकही रोल उचलून पाहिला नाही. ते गेल्यावर मी चार रोल उचलले. खालच्या पोकळीतली माती भुरभुरीत कोरडी होती आणि मुळ्या वाळक्या काडीसारख्या मोडत होत्या. फोटो सोबत जोडले आहेत.

आपल्या छापील पत्रकात ‘रोज संध्याकाळी १० मिनिटे पाणी’ एवढंच लिहिलं आहे. मी आमच्या नळीने १५ लिटरची बादली भरून पाहिली, दीड मिनिट लागलं. म्हणजे १० मिनिटांत १०० लिटर. ६०० चौरस फुटांवर ते पसरलं तर दोन मिलिमीटरसुद्धा होत नाही. पहिल्या दिवशी रोलखालची चार बोटं माती ओली व्हायला हवी, आणि ती झाली की नाही हे कोपरा उचलूनच कळतं. पत्रक पाळणाऱ्या माणसाची लॉन मे महिन्यात जगणं कठीण आहे, आणि दोष त्याच्याच माथी मारला जाईल.

माझ्या मागण्या अशा. ४१ रोलांचे, म्हणजे ४१० चौरस फुटांचे १८,४५० रुपये परत करावेत, किंवा जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, ओली माती करून आणि रोलर फिरवून तेवढी लॉन नव्याने लावून द्यावी. आत्ता बदलून देण्याची तयारी दाखवली तरी मला ती नको, उद्यापासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस आहेत. दुसरं, माती भिजवणं, रोल सावलीत उघडणं, कोपरा उचलून ओल पाहणं आणि मुळ्या धरेपर्यंत कापणी न करणं या गोष्टी पत्रकात छापाव्यात. माझे पैसे परत करूनही पत्रक तेच राहिलं, तर माझी तक्रार मिटली असं मी धरणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

पाहणीला कोणी येणार असेल तर सकाळी ९ च्या आत यावं. त्या वेळी माळीकाका असतात, आणि कोणते रोल कुणी लावले ते जागेवर दाखवतील. वाळलेले रोल तोपर्यंत मी हलवणार नाही.

आपली ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, १७ मेच्या पाहणी अर्जाची प्रत, आपले सूचनापत्रक, ९ फोटो