बांडगुळावर जगणारं पाखरू

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार. पेपरात बोर्निओ म्हटलं की ओरांगउटान येतो, येऊ दे, त्याचा हक्कच आहे, पण त्याच जंगलातल्या एका बोटभर पाखरासाठी थोडी जागा मागतोय.

जून 2009 मध्ये बोर्निओ बेटावरच्या सबाह या मलेशियाच्या राज्यातल्या डॅनम व्हॅलीत झाडांच्या शेंड्यांपाशी बांधलेल्या पुलावरून पक्षी बघताना काही जणांना एक करडा फुलटोच्या (चिमणीहून छोटं पाखरू) दिसला, डोळ्याच्या वर आणि खाली पांढरी कमान, जणू चष्माच घातलाय (मराठीत ज्याला चष्मेवाला म्हणतो तो पक्षी वेगळा, घोळ नको). कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. फोटो निघाले, पण हातात पक्षी नाही म्हणून शास्त्रीय नाव मिळेना, शेवटी 2019 मध्ये बोर्निओतल्याच सारावाक राज्याच्या लांजाक एंतिमाऊ अभयारण्यात तो जाळ्यात सापडला आणि मग नाव पडलं, डिकेयम डायाकोरम, तिथल्या डायाक लोकांवरून. दहा वर्षं गेली यात, कारण तो राहतो वर शेंड्यावर आणि आपण बघतो खालून.

आता खरा मुद्दा. हा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय खात होता, तर बांडगुळाची फळं! फुलटोच्यांचं बांडगुळाशी फार जुनं नातं आहे. फळ गिळलं की बी थोड्याच वेळात बाहेर येते, पण ती इतकी चिकट की सुटतच नाही, मग पाखरू फांदीवर आडवं वळून बूड घासतं, बी तिथेच चिकटते आणि तिथूनच नवीन बांडगूळ उगवतं. म्हणजे स्वतःचं पुढचं जेवण ते स्वतःच लावतं, मला तर हे वाचून भरून आलं.

आणि आपण काय करतो, कुणाला फुकट्या म्हणायचं झालं की बांडगूळ म्हणतो, आपल्या पेपरच्या हेडिंगमध्ये सुद्धा हा शब्द शिवीसारखाच येतो. बोर्निओत सखल भागातलं जंगल लाकडासाठी आणि पाम तेलासाठी तोडलं गेलं, पामच्या रांगा लावल्या की हिरवं दिसतं हो, पण ते जुनं उंच झाड गेलं की त्यावरचं बांडगूळ गेलं, आणि बांडगूळ गेलं की हे पाखरू कुठे जाणार?

पुढच्या वेळी बोर्निओवर काही छापाल तेव्हा ओरांगउटानच्या शेजारी याचाही फोटो टाका, आणि बांडगूळ शब्द शिवी म्हणून वापरणं तेवढं थांबवा, मनापासून विनंती.

आपला एक नियमित वाचक