पोस्टातले पैसे मोडू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवल्यावर आईने मला वेगळा मेसेज केला, की बाबा पोस्टात चौकशी करून आले. कसली चौकशी ते तिने लिहिलं नाही, पण मला कळलं. बाबा, आमच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे काढायचे नाहीत. हे आधी सांगते, बाकीचं सविस्तर खाली लिहिते. फोनवर मी पैशांबद्दल बोलायला लागले की तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता, म्हणून पत्र.

तुमच्या जावयाने नोकरी सोडली ती कुणी काढलं म्हणून नाही, भांडण झालं म्हणून नाही. राजीनामा दिला, नोटिशीचा काळ पूर्ण केला, हिशोब चुकता झाला. दोघांनी मिळून पूर्णवेळ चित्रमालिका करायच्या, हा निर्णय दोघांचा आहे आणि तो आता झालेला आहे. मी एजन्सी सोडली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, कारण त्याचा पगार चालू होता. आता घरात एकही पगार नाही, याची तुम्हाला धास्ती वाटणार. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात जन्म गेलेल्या माणसाला ती वाटली नसती तरच मला आश्चर्य वाटलं असतं. तेव्हा तुम्हाला पटेल अशा भाषेत सांगते.

इन्स्टाग्राम आम्हाला पगार देत नाही. तिथे आम्ही चित्रं टाकतो ती फुकटच. लोक वाचतात, आपल्या माणसाला पाठवतात, आणि त्यातून कामं येतात. ओल्या टॉवेलची ती चित्रमालिका आठवते ना? नवऱ्याने पलंगावर टाकलेला टॉवेल, आणि बायकोने शेवटच्या चौकटीत स्वतःचाही तिथेच टाकलेला. ती इतकी फिरली, कारण जिने वाचली तिने ती आपल्या नवऱ्याला पाठवली, "बघ, हे आपणच." एकट्याने हसून विसरलेलं चित्र पुढे जात नाही. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं तर जातं. बेळगावची एक बाई लिहिते की ती रोज रात्री नवऱ्याला आमची जुनी चित्रं वाचून दाखवते. इंदूरहून, बडोद्याहून, न्यू जर्सीहून मराठी माणसं लिहितात. हे माझ्या एकटीच्या चित्रांनी झालं नसतं. संवाद त्याचे असतात. मी चार वाक्यं लिहिते तिथे तो दोन शब्द ठेवतो, आणि देवनागरीत ते फार मोलाचं असतं, कारण वेलांट्या-मात्रांना वर जागा लागते, उकारांना खाली. संवादाचा फुगा मोठा झाला की चेहरा लहान होतो.

मिळकतीचं म्हणाल तर ती तीन-चार वाटांनी येते. कंपन्यांसाठी चित्रमालिका करतो. निम्मे पैसे आगाऊ, बदल दोनदाच, आणि चित्राखाली ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिलेलं. जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम 2021 पासून आहे, आणि नसता तरी आम्ही लिहिलंच असतं. दिवाळीआधी कॅलेंडरं विकतो. तुळशीच्या लग्नानंतर चित्रांच्या लग्नपत्रिकांची कामं सुरू होतात, ती जवळजवळ जूनपर्यंत. चातुर्मासात हात रिकामे राहतात, म्हणून त्या महिन्यांचं भाडं आणि किराणा आम्ही हंगामातच वेगळ्या खात्यात टाकतो. कंपन्यांचे उरलेले पैसे उशिरा येतात हे खरं आहे, पण येतात, आणि टीडीएस कापून येतात. वहीत नोंदी मी तुम्ही शिकवल्या तशाच ठेवते, जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. आलो की वही तुमच्यासमोर ठेवते. पेन्सिल घेऊन बसा.

विम्याचंही केलंय. त्याच्या कंपनीचा विमा संपायच्या आधीच आमची दोघांची स्वतंत्र पॉलिसी घेतली. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून निघाला, त्यामुळे हप्ताही हलका झाला. घर लहान घेतलंय, पण कोंदट नाही. पूर्वेला खिडकी आहे, माझं टेबल तिथेच. पाणी दोन वेळा येतं. आई, दुपारचं जेवण आम्ही आता ताटात घेऊन, बसून, गरम जेवतो. नोकरीत असताना तो डबा मीटिंगमध्ये उघडायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं पित्त शांत आहे.

बाबा विचारतात, उद्या ते इन्स्टाग्रामच बंद पडलं तर? प्रश्न बरोबर आहे. 29 जून 2020 ला सरकारने 59 ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. म्हणूनच आम्ही वाचकांचे ईमेल पत्ते जमवतो, मूळ चित्रं दोन ठिकाणी जपतो आणि छापील वस्तूंवर भर देतो. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्यात, टेबल मांडलं तेव्हा लोक रांगेत उभे राहून कॅलेंडरवर दोघांची सही मागत होते. एकाची चालत नव्हती त्यांना. मला त्या दिवशी फार भरून आलं.

आणि ही एकट्या आमच्याच डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. इस्राएलचे यहुदा आणि माया देवीर, दोघंही जेरुसलेमच्या बेझालेल अकादमीत शिकलेले, 2016 पासून आपल्या घरातलेच प्रसंग काढतात आणि जगभर लाखो लोक ते वाचतात. इंग्लंडच्या फिलिपा राइसने आपलं आणि ल्यूक पिअर्सनचं रोजचं साधं जगणं लाल-काळ्या रंगांत काढून इंटरनेटवर टाकलं, आणि 2014 मध्ये त्याचं पुस्तक झालं. ल्यूक स्वतःही कॉमिक्सच काढतो. पण तुम्हाला लांबची उदाहरणं कशाला? आई, तुझ्या शाळेच्या ट्रंकेत गणिताचं जुनं पुस्तक आहे, शि. द. फडणिसांच्या चित्रांचं. त्यांच्या 'हसरी गॅलरी' या चित्रप्रदर्शनाच्या प्रवासात त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई बरोबर होत्या, स्वतः लेखिका असून. तेव्हा प्रदर्शनाला हॉल लागायचा, भिंती लागायच्या, चित्रं गावोगाव न्यावी लागायची. आमची भिंत माणसांच्या हातात असते, एवढाच फरक.

आई, तू म्हणालीस, चोवीस तास एकत्र राहून माणसं एकमेकांना कंटाळतात, त्यात धंदाही एकत्र. वाद होतात. शेवटच्या चौकटीवरून तर हमखास. पण आम्ही एक पाळतो, की जे भांडण अजून दुखतंय ते कागदावर जात नाही. दोघांनाही त्याचं हसू आलं की मगच. आणि संध्याकाळी सात वाजता टॅबलेट बंद, मग टेकडीवर चक्कर.

बाबा, तुमचं दुसरं म्हणणं, घरातलं चव्हाट्यावर कशाला. कट्ट्यावर कुणीतरी तुम्हाला "तुम्हीच का ते चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे" असं विचारलं, हे आईने सांगितलं. ती चित्रमालिका तुम्ही पाहून हो म्हणाला होतात, तरी चारचौघांत कुणी तोंडावर विचारलं की अवघडायला होतं, हे मी समजू शकते. म्हणून पुन्हा सांगते. तुमच्याबद्दलचं प्रत्येक चित्र आधी तुम्हालाच येईल, नेहमीसारखं. हयातीच्या दाखल्याच्या रांगेचं तुम्ही नको म्हणालात, ते आम्ही ठेवून दिलं, आणि एका अक्षरानेही विचारलं नाही. पुढेही तसंच. तुमचा नकार आमच्यासाठी शेवटचा.

देवीर जोडप्याने मूल होण्याची वाट पाहणंही काढलं आणि अनोळखी लोक त्यांच्याबरोबर रडले. आम्ही तो विषय काढलेला नाही, काढणारही नाही. आई, तुझ्या मनात काय असतं ते मला कळतं. तू विचारतेस ते मायेनेच, मला राग येत नाही. पण सध्या आपण त्यावर फोनवर नको बोलूया. सांगण्यासारखं असेल तेव्हा पहिलं तुलाच सांगेन, चित्रात नाही, कानात.

चित्रं मला आली कुठून, ते तुम्ही विसरलात का? बाबा ऑफिसातून पाठकोरे कागद आणायचे, शिवून वही करायचे. सकाळमधला चिंटू कापून मी त्यात चिकटवायचे, आईने दिलेल्या भाताच्या शितांनी, आणि पावसाळ्यात त्या वहीला मुंग्या लागायच्या. 1991 पासून येत होता तो, माझ्या जन्माआधीपासून. तोही दोघांचाच, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा. मी रोज वर्तमानपत्रावर झडप घालायचे आणि बाबा म्हणायचे, आधी तू वाच, बातम्या कुठे पळून जात नाहीत. मला ताप आला की तुम्ही उशाशी बसून चिंटू वाचून दाखवायचात, आणि त्याच्या आईचा आवाज अगदी आपल्या आईसारखा काढायचात. आज मी फुग्यात आईचं वाक्य लिहिते तेव्हा तुमच्याच आवाजात ऐकून बघते.

आई, सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं ते चित्र तू मला पाठवलंस, "किती गोड आहे बघ" म्हणून. ते आमचंच होतं, कुणीतरी खालची सही कापून टाकली होती. तुला वाईट वाटलं, पण मला आनंद झाला, तुला नाव न वाचता आवडलं म्हणून. आता सही कोपऱ्यात करत नाही, चित्रातच कुठेतरी असते, डब्यावर, दाराच्या पाटीवर. शोधत जा. आणि बाबा, 1957 च्या कॉपीराइट कायद्याने चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. म्हणजे आम्हीही काहीतरी साठवतोच आहोत.

आता नीट ऐका. योजनेचे पैसे मुदतीआधी काढले तर एक ते दीड टक्का कापतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. दर तिमाहीचं ते व्याज तुमच्या औषधांचं आणि आईच्या गुडघ्यांच्या व्यायामाच्या बाईंचं आहे. त्याला हात लावायचा नाही. आम्हाला खरोखर गरज पडली तर मी मागेन, लाजणार नाही, तुमच्याकडे मागायला मला कधीच लाज वाटली नाही. पण आज गरज नाही.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायची नाही. "तुमची गडबड चालू आहे, नंतर बघू" हे कारण बंद. उलट आता दोघांनाही रजा मागावी लागत नाही. काम पाठीवरच्या बॅगेत मावतं, आम्ही पंधरा दिवस राहणार आहोत. तोवर साखर आटोक्यात ठेवा, चहात गूळ हीसुद्धा साखरच. ऑपरेशननंतर डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, बादली उचलायची नाही, वाकून देवघर पुसायचं नाही. दोन वेगवेगळे थेंब लागोपाठ घालायचे नाहीत, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. ते मी घालीन. आई, तू जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालू नकोस, यंदा विकतचे आणू. इस्त्रीवाल्याला बेडशीट देत जा, ताणून झटकत बसू नकोस. आणि रात्री मोबाईल उशीखाली ठेवून झोपू नका, दोघंही.

आम्ही कोयना एक्सप्रेसने येतोय. स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा करू. जावयाला तुझी मेथीची भाजी आणि भाकरीच हवी आहे, पुरणाचा घाट घालू नकोस. पोस्टाचा फॉर्म आणला असेल तर तो माझ्यासाठी ठेवा, कोरा.

तुमची,
ताई